मूड सांगा, पुस्तक सुचवतो: कथेतर वाचनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘अमुक मालिका संपली, आता काय वाचू?’ हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा कादंबरी असते आणि मी त्याच्या हातात आत्मकथा, चरित्र, शोधपत्रकारिता असलं काहीतरी ठेवतो. मग पुढचे प्रश्न सुरू होतात. त्यांतले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत.

नॉनफिक्शन म्हणजे माहितीची पुस्तकं ना? करमणूक म्हणून ती कशी चालतील?

माहितीची पुस्तकं त्यात येतात, पण तेवढीच नाहीत. गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ घ्या. डोक्यावरचं कर्ज फेडायला चार पैसे मिळवावेत म्हणून एक भिक्षुक उत्तरेकडे निघतो, तो नेमका १८५७ साली. बंडाच्या धामधुमीत सापडतो आणि झाशीला वेढा पडतो तेव्हा हा गृहस्थ झाशीतच असतो. पटकथेत कुणी असं रचलं असतं, तर ‘योगायोग जरा जास्तच झाले’ म्हणून आपण नाक मुरडलं असतं. पुस्तक १९०७ साली छापून आलं. भाषा जुनी आहे, पण दहा-पंधरा पानांत सरावते.

आवडत्या सिनेमावरून पुस्तक नेमकं कसं जुळवता?

विषयावरून जुळवत नाही. गल्लत होते ती इथेच. कोर्टातली मालिका आवडणाऱ्याला कायद्याचं पुस्तक दिलं की तो जांभया द्यायला लागतो. त्याला कायदा आवडलेलाच नसतो, साक्षीदार उलटतो तो क्षण आवडलेला असतो. म्हणून मी एवढंच विचारतो: कुठला भाग तुम्ही पुढे न ढकलता, फोनला हात न लावता पाहिलात?

चोरी-दरोड्याच्या मालिका बघणारे वरवर सगळे सारखे वाटतात. जरा खोदून विचारलं की तीन जाती निघतात. एकाला बेत आवडतो: नकाशा, वेळा, कोण कुठल्या दाराने शिरणार. दुसऱ्याला ती टोळी आणि टोळीतली भांडणं. तिसऱ्याला मागावर असलेला माणूस.

पहिल्याची आणि तिसऱ्याची सोय एकाच पुस्तकात होते: कर्क वॉलेस जॉन्सन यांचं ‘द फेदर थीफ’. २००९ साली इंग्लंडमधल्या ट्रिंग इथल्या निसर्गविज्ञान संग्रहालयातून पक्ष्यांचे २९९ जतन केलेले नमुने चोरीला गेले. चोर कोण, तर लंडनमध्ये बासरी शिकणारा एक तरुण. कशासाठी, तर गळाला बांधायच्या नकली माश्या जुन्या पद्धतीने बनवणाऱ्या हौशी लोकांना दुर्मीळ पिसं हवी असतात म्हणून. गंमत अशी की त्यातल्या कित्येकांना मासे पकडण्यात रसच नसतो. संशोधकांना पिसांहून मोलाची असते ती नमुन्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी. पक्षी कुठे आणि कधी मिळाला हे तिच्यावर लिहिलेलं असतं, आणि ती गेली की नमुना विज्ञानाच्या कामाचा उरत नाही. परत मिळालेल्यांपैकी बऱ्याच पक्ष्यांच्या पायाला ती चिठ्ठी नव्हतीच. हे वाचताना सोनं लुटणाऱ्यावर येत नाही इतका राग येतो.

दुसऱ्या जातीच्या माणसाला मी चोरीचं पुस्तक देत नाही. त्याला संकटात अडकलेला, एकमेकांना कंटाळलेला आणि तरीही एकत्र असलेला गट हवा असतो. त्याचं उत्तर बर्फात आहे, ते पुढे येईल.

खऱ्या गुन्ह्यांचे पॉडकास्ट आणि मालिका मी अधाशासारखे ऐकते, बघते. काय वाचू?

आधी ठरवा, ‘का केलं’ यात रस आहे की ‘कसं पकडलं’ यात.

‘का’वाल्यांसाठी ट्रूमन कपोटी यांचं ‘इन कोल्ड ब्लड’. १५ नोव्हेंबर १९५९, कॅन्ससमधलं होलकोम नावाचं छोटं गाव, एका घरातल्या चौघांची हत्या. मारेकरी कोण हे लपवलेलं नाही, तरी पुस्तक खाली ठेवता येत नाही.

‘कसं पकडलं’वाल्यांना मी एकही खून नसलेलं पुस्तक देतो: जॉन कॅरिरू यांचं ‘बॅड ब्लड’ (२०१८). बोटातून काढलेल्या रक्ताच्या काही थेंबांवर ढीगभर तपासण्या करू, असं सांगणारी थेरानोस ही कंपनी, आणि तिचं बिंग फोडणारा पत्रकार. कंपनीच्या संस्थापिकेला २०२२ साली न्यायालयाने दोषी ठरवलं, म्हणजे पुस्तक संपल्यावरही गोष्ट चालूच राहिली. आर्थिक घोटाळ्यांच्या मालिका आवडणाऱ्यांनाही हेच देतो. आकड्यांची भीती वाटत असेल तर वाटू देऊ नका, इथे सगळा खेळ भिडेचा, दबावाचा आणि वकिलांच्या नोटिशींचा आहे.

राजघराणी, सिंहासन, कारस्थानं असलेल्या कल्पनारम्य मालिका आवडतात. त्यांना नॉनफिक्शनमध्ये जोड कुठून मिळणार?

ड्रॅगन वजा केले तर काय उरतं? वारसाहक्क, लग्नांचे सौदे, आणि आपणच दिलेल्या शब्दात अडकलेली माणसं. मग इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’ला (१९६७) पर्याय नाही. महाभारतातल्या व्यक्तींवरचे हे लेख आहेत. लिहिणारी बाई मानववंशशास्त्राची अभ्यासक, त्यामुळे चमत्कार बाजूला ठेवून त्या या सगळ्यांकडे माणसं म्हणून बघतात. भीष्माच्या प्रतिज्ञेला आपण हात जोडतो. कर्वे विचारतात, त्या प्रतिज्ञेपायी या घरात आणल्या गेलेल्या बायकांचं काय झालं? त्या लेखानंतर भीष्म पुन्हा पहिल्यासारखा दिसत नाही.

एक लेख, एक व्यक्ती. मालिकेचे भाग बघावेत तसं वाचता येतं. १९६८ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार या पुस्तकाला मिळाला, पण पुरस्कारप्राप्त म्हणून बिचकू नका.

जीव वाचवण्याच्या झुंजीचे सिनेमे?

दोन पुस्तकं, आणि दोन्हींचा मूड अगदी उलटा.

आल्फ्रेड लान्सिंग यांचं ‘एन्ड्युरन्स’ (१९५९) ही शॅकलटनच्या अंटार्क्टिक मोहिमेची हकिगत. जानेवारी १९१५ मध्ये जहाज बर्फात रुतलं, महिनोन् महिने चेपत गेलं आणि नोव्हेंबरात बुडालं. जहाजावरची २८ माणसं बर्फाच्या लाद्यांवर राहिली, मग होड्यांतून एका ओसाड बेटावर पोचली. तिथून सहा जण एका उघड्या होडीतून सुमारे १३०० किलोमीटर खवळलेला समुद्र कापून मदत आणायला गेले. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस माणसं वाचली. हे सांगून मी पुस्तकातली मजा घालवत नाही. उलट वाचणाऱ्याला आधार देतो, कारण मधली दीडशे पानं वाचताना तो लागतो. लान्सिंगनी हयात असलेल्यांना गाठलं, त्यांच्या रोजनिश्या वाचल्या, म्हणून कोण कुणावर का धुसफुसत होता हेही कळतं. टोळीप्रेमी मंडळींसाठी म्हणालो होतो ते हे पुस्तक.

दुसरं जॉन क्राकौर यांचं ‘इन्टू थिन एअर’ (१९९७). मे १९९६ मध्ये एव्हरेस्टवर वादळ आलं, आठ जण गेले. लेखक स्वतः त्या चढाईत होता. इथे कुणी नायक होत नाही. वाचलेला माणूस स्वतःलाच प्रश्न विचारत राहतो. मन आधीच खिन्न असेल तर हे पुढे ढकला.

खेळावरचे सिनेमे बघून अंगावर काटा येतो. तसं काही?

आंद्रे आगासी यांचं ‘ओपन’ (२००९). मात्र यात जिंकण्याचा जल्लोष शोधू नका. हा माणूस सुरुवातीलाच सांगून टाकतो की त्याला टेनिसचा तिटकारा आहे. बापाने चेंडू फेकणाऱ्या यंत्रात स्वतः फेरफार केलेले, पोराने त्याचं नाव ड्रॅगन ठेवलेलं, आणि बापाचा हिशेब असा की रोज अडीच हजार चेंडू मारले की वर्षाला जवळजवळ दहा लाख होतात. आईबापांनी वाचावं असंही मी सुचवतो, आणि त्यावरून माझ्यावर रुसलेले लोक आहेत.

डावपेच, निवड, आकडेमोड यांत ज्यांना रस आहे त्यांच्यासाठी मायकल लुइस यांचं ‘मनीबॉल’ (२००३). बेसबॉलचे नियम माहीत नसले तरी अडत नाही.

प्रेम, लग्न, घरातली माणसं यांच्या गोष्टी आवडतात. त्या खऱ्या असतील तर कंटाळवाण्या नाही का होणार?

मराठी आत्मकथा ज्यांनी वाचलेल्या नाहीत तेच हा प्रश्न विचारतात. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. वडिलांना सोवळ्याचं वेड, नवरा कवी, प्रेमळ आणि कमालीचा लहरी. १८९५ साली तो ख्रिस्ती होतो. बाईंचं जग एका दिवसात दुभंगतं, ताटातूट होते, पुढे दोघं पुन्हा एकत्र येतात. हे कुणी रडत सांगितलं असतं तर आपण दोन दिवसांत विसरलो असतो. लक्ष्मीबाई स्वतःची फजिती सांगतात तशीच आपली वेदनाही सांगतात, त्याच आवाजात. हसता हसता मधेच आपल्याला थांबावं लागतं.

सुनीता देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) त्यांना द्यावं ज्यांना प्रेमकथा संपल्यावर ‘पण पुढे काय झालं असेल?’ असं वाटत राहतं. प्रसिद्ध नवऱ्याबद्दल चुरचुरीत काही मिळेल या आशेने उघडणारे निराश होतात. स्वतःला एवढं कडक तपासणारं माणूस वाचायची तयारी असेल तरच घ्या.

सुपरहिरो?

शक्ती मिळण्याआधीचा, कुणी ओळखत नाही तो भाग आवडत असेल तर वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ (१९८१). गुलामगिरीत जन्मलेला मुलगा शास्त्रज्ञ होतो आणि कापसाने कस गेलेल्या जमिनीत भुईमूग, रताळी घ्यायला शेतकऱ्यांना शिकवतो. वयाने लहान वाचकांनाही बेलाशक द्या.

भुताखेताचं आवडतं. हॉररला खरी जोड मिळेल का?

मिळेल, आणि हसूही येईल. मेरी रोच यांचं ‘स्टिफ’ (२००३) हे मृतदेहांचं पुढे काय काय होतं यावरचं पुस्तक आहे: शवविच्छेदन, मोटारींच्या अपघात-चाचण्या, न्यायवैद्यक. हॉरर-कॉमेडी आवडणाऱ्यांना हमखास लागू पडतं. जेवताना वाचू नका एवढंच.

मी फारसं बघत नाही, पण गाणी सतत कानात असतात. गाण्यांवरून पुस्तक सुचवता येतं का?

येतं, आणि मला तर हेच सोपं जातं. माणूस कुठली गाणी पुन्हा पुन्हा लावतो यावरून त्याला कुठला आवाज सोसतो ते कळतं.

रॅप ऐकणाऱ्या तरुण मुलांना मी दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) देतो. रॅपमध्ये त्यांना काय खेचतं? मी कुठून आलो, माझी गल्ली कुठली, माझी भाषा कुठली, हे न लाजता सांगणं. ‘बलुतं’ची मांडणीही तशीच धीट आहे. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. म्हणजे जन्माचं नाव आणि लेखक म्हणून मिळालेलं नाव समोरासमोर बसली आहेत आणि एकाला दुसऱ्याचा पांढरपेशेपणा खुपतो आहे. मंचावरचं नाव आणि घरचं नाव यांतली ओढाताण रॅप ऐकणाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही.

शब्दांशिवायचं, संथ, पावसाच्या आवाजाचं संगीत लावून बसणाऱ्यांसाठी दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ (१९५६). चैत्रापासून एकेक महिना, झाडं, फुलं, ढग, उन्हाचे रंग. कथानक नाही. जो महिना चालू असेल तिथून सुरू करा, क्रम मोडला तरी काही बिघडत नाही.

आणि जुन्या सिनेमागीतांत ‘हे असंच का भिडतं?’ असा प्रश्न पडत असेल तर अच्युत गोडबोले आणि सुलभा पिशवीकर यांचं ‘नादवेध’. राग समजावताना ओळखीची गाणी सोबत येतात, त्यामुळे शेजारी गाणं लावून वाचा.

दमलेलो असतो. काहीतरी हलकंफुलकं सुचवा ना.

हे मागणं जवळपास रोजचं, आणि यात एक गैरसमज आहे. दमलेल्या माणसाला विषय हलका लागतो असं नाही, त्याला तुकडे लहान लागतात. आठ-दहा पानांत पूर्ण होणारा लेख विषयाने गंभीर असला तरी चालतो, आणि चारशे पानांचं विनोदी पुस्तक रात्री अकराला डोंगराएवढं वाटतं. पु. ल. देशपांड्यांचं व्यक्तिचित्रांचं ‘गणगोत’ यासाठी उत्तम. एक माणूस, एक बैठक. ‘अपूर्वाई’ थोडं सलग आहे, ते सुट्टीच्या दिवसासाठी ठेवा.

चिडचीड होत असेल तर विनोद उलट डोक्यात जातो. तेव्हा बारीक तपशिलांची पुस्तकं मानवतात, एखादी वस्तू किंवा यंत्रणा कशी चालते ते सांगणारी. काळजीने झोप येत नसेल तर शेवट आधीच माहीत असलेली. म्हणूनच ‘एन्ड्युरन्स’ मी दवाखान्याच्या बाकांवर ताटकळणाऱ्यांनाही सुचवतो.

घरातलं कुणी गेलंय. दुःखातून बाहेर काढणारं पुस्तक?

पहिल्या काही आठवड्यांत मी दुःखावरचं पुस्तक सुचवत नाही, मागितलं तरी. ज्याला वाचवेल त्याला पक्षी, तारे, प्रवास यांवरचं काही देतो. पुढे कधीतरी स्वतःहून विचारणा झाली तर जोन डिडियन यांचं ‘द इयर ऑफ मॅजिकल थिंकिंग’ (२००५). डिसेंबर २००३ मध्ये रात्री जेवायला बसलेला नवरा अचानक गेला, त्यानंतरच्या वर्षाची ही हकिगत. सांत्वन नाही, उपदेश नाही. तो परत आला तर लागतील म्हणून त्याचे बूट देऊन टाकता येत नाहीत, असं ती लिहिते. ज्यांना असलं काही स्वतःबद्दल कुणाला सांगता आलेलं नसतं, त्यांना हे पुस्तक सोबत करतं.

सत्यघटनेवरची मालिका आधी बघावी की पुस्तक आधी वाचावं?

बहुतेक वेळा आधी बघा. चेहरे आणि घटनाक्रम डोक्यात बसले की पुस्तकाला खोलात जाता येतं. चेर्नोबिलवरची २०१९ सालची पाच भागांची मालिका पाहिली असेल तर दोन वाटा आहेत. अणुभट्टीत नेमकं काय, कसं, कुणाच्या हातून झालं हे हवं असेल तर ॲडम हिगिनबॉथम यांचं ‘मिडनाइट इन चेर्नोबिल’. आगीच्या बंबावरच्या जवानाची ती बायको डोक्यातून जात नसेल तर स्वेतलाना अलेक्सिएविच यांचं चेर्नोबिलवरचं पुस्तक. त्यात तिची कहाणी तिच्याच तोंडून येते. मालिकेतली शास्त्रज्ञ बाई मात्र कुठल्याच पुस्तकात शोधू नका. अनेक शास्त्रज्ञांच्या वतीने उभं केलेलं ते काल्पनिक पात्र आहे.

‘ओपनहायमर’ पाहून काई बर्ड आणि मार्टिन शेरविन यांचं ‘अमेरिकन प्रॉमेथिअस’ (२००५) घेणाऱ्यांना एक सूचना. सिनेमा काळ मागेपुढे फिरवतो, पुस्तक जन्मापासून सरळ चालतं आणि जाडजूड आहे. सुरुवातीला रेंगाळत असाल तर १९५४ साली ओपनहायमरचीच चौकशी झाली त्या भागावर उडी मारा आणि मग मागे या. चरित्र पहिल्या पानापासूनच वाचलं पाहिजे असा काही दंडक नाही.

या पुस्तकांतलं सगळं खरं असतं?

नाही. ‘इन कोल्ड ब्लड’मधला शेवटचा कबरस्तानातला प्रसंग कपोटींनी रचलेला आहे. ‘ओपन’ आगासींच्या आवाजात आहे, पण शब्दांमागे जे. आर. मोहरिंगर हा पत्रकार आहे. आत्मकथेत आठवण असते, पुरावा नसतो. उलट बाजूही आहे: ‘व्यक्ती आणि वल्ली’तली माणसं लोकांना इतकी खरी वाटतात की ते पुस्तक या यादीत घाला म्हणून आग्रह होतो. ती माणसं कल्पित आहेत, म्हणून खऱ्या माणसांवरचं ‘गणगोत’.

सेल्फ-हेल्प का नाही सुचवत?

त्यातल्या बहुतेक पुस्तकांचा मुद्दा एका लेखात मावतो, म्हणून. शिस्त हवी असेल तर शिस्तीवरच्या पुस्तकापेक्षा शिस्तीने जगलेल्या माणसाचं चरित्र मला जास्त उपयोगी वाटतं.

ॲप शिफारशी देतं की. मग माणसाला कशाला विचारायचं?

ॲपला तुम्ही काय घेतलंत ते कळतं, कुठे कंटाळलात ते तितकंसं कळत नाही. अंतराळावरचं एक पुस्तक घेतलंत की पुढची दहा अंतराळावरची येतात. पण अंतराळाच्या सिनेमात तुम्हाला घरापासून लांब गेलेला माणूसच आवडला असेल तर? मग जयंत नारळीकरांचं आत्मचरित्र ‘चार नगरांतले माझे विश्व’ जास्त जवळचं वाटेल.

दुसऱ्या कुणाला भेट द्यायचं असेल तर?

‘तुला कुठली पुस्तकं आवडतात?’ असं विचारू नका. लोक अशा वेळी आपल्याला शोभतील अशी नावं सांगतात. एखादा सिनेमा ते तिसऱ्यांदा का बघत होते ते विचारा, किंवा गाडीत काय ऐकतात ते बघा. आणि सुधारण्यासाठी पुस्तक भेट देऊ नका. आळशी भाच्याला कष्टाळू माणसाचं चरित्र दिलं की हेतू त्याला वेष्टन काढतानाच कळतो.

पुस्तक सुचवून घ्यायचं असेल तर समोरच्याला काय सांगावं?

एका बैठकीत संपवलेली एक मालिका किंवा सिनेमा, आणि मधेच सोडलेलं एक पुस्तक, कुठल्या पानाच्या आसपास सोडलं त्यासकट. दुसरी माहिती जास्त कामाची. पन्नास पानांच्या आत सोडलं असेल तर आवाज जमला नाही, निम्म्यात सोडलं असेल तर लेखक लांबण लावत होता, शेवट जवळ असताना सोडलं असेल तर बहुधा पुस्तक ठीकच होतं, तुमचं काहीतरी बिनसलं होतं. ते पुन्हा उघडून बघा. शिवाय कधी वाचता आणि कुठल्या भाषेत सहज वाचता, तेही सांगा. ‘काहीही चालेल’ म्हणालात तर मी ‘स्मृतिचित्रे’ देतो.